स्कायकोमिशवर सॅमन-स्टीलहेड गरवायला जाताय? आधी हंगामाचे नियम बघा

हायवे_टू

ऑगस्ट लागला की आमच्या ऑफिसच्या मराठी ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'सॅमन सुरू झाला का?' त्यावर कुणीतरी 'हो, लायसन काढ आणि ये' असं ठोकून देतं. हे उत्तर अर्धवट आहे आणि महागात पडू शकतं. म्हणून हा धागा. सिएटलच्या आसपास राहणाऱ्यांसाठी लिहितोय. उदाहरण स्कायकोमिश नदीचं घेतो, कारण बोथेल-रेडमंडकडची बरीच मंडळी तिथेच जातात.

आधी थोडा भूगोल. ही नदी कॅस्केड्समधून उतरते आणि हायवे टू बराचसा तिच्या काठाकाठाने जातो. इंडेक्स, गोल्ड बार, स्टार्टअप, सुल्तान अशी गावं घेत ती मन्रोला येते. तिथून थोडं खाली तिला स्नोक्वाल्मी मिळते आणि पुढे दोघी मिळून स्नोहोमिश या नावाने एव्हरेटला समुद्रात जातात. वॉलेस या उपनदीवर एक हॅचरी (माशांची पिल्लं वाढवून नदीत सोडायचं केंद्र) आहे, वर गोल्ड बारच्या बाजूला रायटर पाँड्स ही हॅचरीची तळी आहेत. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे इथे अख्ख्या नदीला मिळून एक नियम नसतो. या पुलापासून त्या उपनदीच्या तोंडापर्यंत एक पट्टा, त्याच्या वर दुसरा, हॅचरीच्या पाण्याच्या तोंडाशी आणखी वेगळी हद्द. पुलाच्या खाली उभे असाल तर कायदेशीर, वर गेलात तर दंड. तेव्हा पट्ट्याची सुरुवात आणि शेवट घरीच नकाशावर बघून घ्या. नदीवर फोनला रेंज मिळेलच असं नाही.

दुसरं, नदी उघडीच असणार असं धरून निघू नका. प्युजेट साउंडच्या नद्यांचा हिशोब उलटा आहे. नियमपुस्तकात उघडी म्हणून नाव असेल तरच उघडी, नाहीतर बंद. त्यातही ट्राउट आणि स्टीलहेडसाठी (स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा ट्राउट) उघडी असलेली नदी सॅमनसाठी बंद असू शकते. उन्हाळी स्टीलहेडचा हंगाम साधारण मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. चिनूक, कोहो, पिंक या सॅमनच्या जातींच्या तारखा प्रत्येकाच्या वेगळ्या आणि त्या दरवर्षी नव्याने ठरतात. मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर सरळ डिलीट करा. आणखी एक गोंधळ म्हणजे लायसनचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च आणि नियमपुस्तकाचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. मेमध्ये नवं लायसन खिशात असलं तरी नियम जुन्याच पुस्तकातले चालू असतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मासा कुठला आणि त्याला खूण आहे का. पाठीवरच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या थोडं आधी, करंगळीच्या पेराएवढा एक मऊ, मांसल पर असतो. त्याला ॲडिपोज फिन म्हणतात. हॅचरीत वाढवलेल्या बहुतेक पिल्लांचा तो सोडण्याआधी कापतात, हीच ती खूण. म्हणजे तिथे सपाट, भरून आलेली जागा दिसली तर मासा हॅचरीचा. पर शाबूत असेल तर तो जंगली धरायचा. जंगली स्टीलहेड आणि जंगली चिनूक इथे सोडूनच द्यायचे. कोहोचं मात्र पट्ट्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं, ते त्या त्या वर्षी वाचा.

आणि हे बघायचं कसं? मासा जाळीत, जाळी पाण्यात, एक हात शेपटीच्या बुंध्यावर, मासा किंचित कलता करून पाठीवर नजर. काठावर ओढून, वाळूत लोळवून, मग 'अरे, पर आहे की' असं नाही. ठेवता येणार नाही असा सॅमन किंवा स्टीलहेड नदीत पाण्याबाहेर पूर्ण काढणंच वॉशिंग्टन राज्यात बेकायदा आहे. छातीशी धरलेले फोटो त्यामुळे फक्त हॅचरीच्या माशाबरोबर काढा.

चौथं, गळ. अनेक पट्ट्यांवर बिनबार्बचा एकेरी गळच चालतो. नवीन विकत घ्यायला नको, टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. कापसाचा बोळा टोचून ओढून बघा, अडकला नाही म्हणजे झालं. सॅमन चढायच्या महिन्यांत बहुतेक ठिकाणी अँटी-स्नॅगिंगचा (माशाच्या अंगात गळ अडकवून ओढण्याविरुद्धचा) नियम आणि रात्रीची बंदी पण असते. रात्रीची बंदी म्हणजे सूर्यास्तानंतर एक तास झाला की गाशा गुंडाळायचा, तो दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत. पाठीला किंवा पोटाला गळ लागून आलेला मासा कितीही मोठा असला तरी परत पाण्यात.

पाचवं, कॅच कार्ड, म्हणजे ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड. मासा ठेवायचा ठरला की त्याच क्षणी, शाईच्या पेनाने तारीख, नदीचा कोड, जात, खूण असलेला की नसलेला, सगळं भरायचं. 'गाडीत गेल्यावर भरतो' हे उत्तर वॉर्डन रोज ऐकत असतो. एकही मासा मिळाला नाही तरी कार्ड 30 एप्रिलपर्यंत परत पाठवायचं असतं, कारण कोरं कार्ड हीसुद्धा त्यांच्या मोजणीतली माहिती असते.

हे सगळं वाचून झालं तरी निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याच्या साइटवर आपत्कालीन नियम बघाच. हंगामाच्या मध्येच एखादा पट्टा बंद होतो, कधी उघडतोही.

चिंबोरी_चॅम्पियन

वाचनखूण साठवली आहे. दोन शंका. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला लायसन लागेल का? आणि सासरे पुण्याहून आलेत, सहा महिने आहेत. ते म्हणतात मी नुसता शेजारी बसतो, पण मला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

हायवे_टू

चौदा वर्षांपर्यंत लायसन लागत नाही, पण सॅमन-स्टीलहेडसाठी कॅच कार्ड तिच्या नावाचं वेगळं हवं. सासऱ्यांसाठी एक, दोन, तीन दिवसांची लायसनं मिळतात. तेवढं काढूनच टाका. गळ पाण्यात आणि रॉड त्यांच्या हातात असेल तर 'फक्त फोटोसाठी धरला होता' हे चालत नाही.

काकडीची_कोशिंबीर

मला एक कळत नाही. खायचा नाही, सोडून द्यायचा, तर मग त्या बिचाऱ्याच्या तोंडात गळ घालायचाच कशाला? खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही, घरात नवरा खातो. पण ही खेळ म्हणून छळायची हौस मला पटत नाही.

मुकिल्टिओची_मीरा

कोशिंबीरताई, प्रश्न रास्त आहे. हॅचरीचा मासा हवा असतो, पण गळाला कोण लागेल हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे जंगली लागला तर कमीत कमी इजा होऊन परत जावा म्हणून हे बिनबार्बचे गळ, बिनगाठीची जाळी वगैरे. पण हेही खरं की मुद्दाम जंगली स्टीलहेडसाठीच, फक्त पकडून सोडायला, जाणारे लोक आहेत. स्कॅजिट नदीवर असा हंगाम बरीच वर्षं बंद होता, 2018 मध्ये परत उघडला, तो आमिष न लावता आणि एकेरी बिनबार्ब गळानेच. माझं वैयक्तिक मत, पाणी कोमट झालेलं असताना तरी हे करू नये. ऑगस्टच्या दुपारी दमवलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण पुढे जगतो की नाही ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तर काही नद्यांवर उन्हाळ्यात दुपारनंतर मासेमारी बंद ठेवतात.

टकोमाचा_वाघ

नियम नियम नियम. आपण लायसनचे पैसे भरायचे, पर मोजायचे, कार्ड भरायचं. आणि तिकडे ट्राइबची, म्हणजे इथल्या मूळ जमातींची, जाळी नदीत आडवी लागलेली असते. त्यांना खूण नाही, गळ नाही, काही नाही. आपल्या गावच्या आठवडी बाजारात कुणी असा दुजाभाव केला असता तर गाव पेटलं असतं. एकदा कुणीतरी हे स्पष्ट बोललं पाहिजे.

मुकिल्टिओची_मीरा

वाघोबा, स्पष्ट बोलताय तर स्पष्टच उत्तर देते. मी ज्या गावात राहते तिथेच 1855 च्या जानेवारीत पॉइंट एलियटचा करार झाला. त्यात इथल्या जमातींनी जमीन दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. तो त्यांना कुणी दिलेला नाही, त्यांचाच होता, तो त्यांनी सोडला नाही. पुढे शंभर वर्षं राज्य सरकार त्यांनाच अटक करत राहिलं. निस्क्वाली नदीवर त्याच जमातीचे बिली फ्रँक ज्युनिअर यांना पहिल्यांदा पकडलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, 1945 साली. साठच्या दशकात फिश-इन, म्हणजे बंदी झुगारून मासे धरायची आंदोलनं, झाले. अखेर 12 फेब्रुवारी 1974 ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर जमातींचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने 1979 मध्ये तो कायम ठेवला.

आता 'धरता येण्याजोगे' हा शब्द नीट वाचा. अंडी घालायला जितके वर पोचले पाहिजेत तितके आधी बाजूला, उरलेल्याची वाटणी. आणि त्यांना नियम नाहीत हे चूक आहे. त्यांचे हंगाम, त्यांचे दिवस, त्यांची मोजणी असते. या खोऱ्यात तुलालिप जमात राज्याच्या बरोबरीने व्यवस्थापन करते. त्यांच्या हॅचरीतूनही मासे सोडले जातात.

टकोमाचा_वाघ

इतिहास मान्य. जाळ्यात जंगली मासा सापडला की मरतो, हेही मान्य करा.

मुकिल्टिओची_मीरा

मान्य. आणि तो त्यांच्या वाट्यात मोजला जातो. आपण सोडलेल्यांतले जे मरतात ते आपल्या वाट्यात.

डेटा_दादा

मीराताईंचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा लांबवतो. लोकांना वाटतं नदीत मासे दिसतायत म्हणजे हंगाम उघडा असायला हवा. तसं नसतं. प्युजेट साउंडचा जंगली चिनूक 1999 पासून आणि स्टीलहेड 2007 पासून केंद्राच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. त्यामुळे दरवर्षी 'जंगली माशांचं इतकंच नुकसान चालेल' अशी मर्यादा ठरते. हॅचरीचे मासे धरताना गळाला जंगलीही लागतात, सोडले तरी त्यातले काही मरतात, असं गृहीत धरून ते या मर्यादेतून वजा होतात. मर्यादा संपली की हंगाम संपला, मग हॅचरीच्या तळ्यात मासे दाटीवाटीने का उभे असेनात. दर वर्षी इथे कुणीतरी वॉलेस हॅचरीचा फोटो टाकून 'एवढे मासे आणि बंद का?' विचारतं, त्याचं उत्तर हे.

ही सगळी घासाघीस वसंतात होते. हिवाळ्याअखेर अंदाज जाहीर होतात, मग राज्य आणि जमाती बसतात आणि एप्रिलमध्ये ठरतं. या प्रक्रियेला नॉर्थ ऑफ फाल्कन म्हणतात. ओरेगनच्या किनाऱ्यावर केप फाल्कन नावाचं टोक आहे, त्याच्या उत्तरेचे हंगाम यात येतात. काही बैठका लोकांसाठी खुल्या असतात, ऑनलाइनही ऐकता येतात. कंटाळवाण्या असतात, पण एकदा ऐकाच. एखाद्या खाडीतला एक आठवडा कमी केला तर दुसऱ्या नदीला किती दिवस मिळतील, यावर जाणती माणसं तासन्‌तास वाद घालतात.

2016 साली काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. आदल्या वर्षी दुष्काळ, समुद्र तापलेला, कोहोचे अंदाज फार वाईट. राज्य आणि जमातींचं एकमतच होईना. 1 मेपासून प्युजेट साउंडमधली सॅमनची मासेमारी बंद पडली आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात समझोता झाला. तेव्हापासून मी एप्रिलच्या आधी रजा टाकत नाही.

उरणकर

डेटा_दादा, हे वाचून आमची वलगण आठवली. बाहेरच्यांसाठी सांगतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पोटात गाबोळी भरलेले मासे नदी-ओहोळातून उलट्या पाण्याने शेतात चढतात. रात्री बत्त्या, आता बॅटऱ्या, घेऊन अख्खा गाव पाण्यात. कुणी आसू लावतो, कुणी कोयत्याने मारतो. काही भागांत यांना चढणीचे मासे म्हणतात. आणि खरं सांगायचं तर आम्ही धरायचो ते सगळे अंडी घालायला चाललेलेच. तेव्हा कुणी विचार केला नाही, आणि आज शेतात फवारण्या, ओहोळाला बांध, भराव, त्यामुळे मासा तसाही कमी झालाय. समुद्रात यांत्रिक बोटींना जून-जुलैची बंदी असते ती सगळे पाळतात निदान कागदावर, पण वलगणीला विचारणारा कोणी नाही.

मी गेली काही वर्षं केंटला आहे. इथे पहिल्यांदा वॉर्डनने थांबवलं तेव्हा राग आला होता. त्याने कार्ड बघितलं, गळावरून बोट फिरवलं, डबा उघडून पर तपासला, 'हॅव अ गुड वन' म्हणून गेला. पाच मिनिटं.

काकडीची_कोशिंबीर

कोयत्याने??

उरणकर

ताई, कोयत्याच्या बोथट बाजूने. असो, विषय बदलू.

सुगरण_सॅमामिश

पिंकबद्दल कुणी लिहिलंच नाही. विषम सालात पिंक येतात, म्हणजे समोर अख्खी नदी उड्या मारत असते आणि नवशिक्यालाही मिळतात. ओळखायला सोपा, शेपटीवर मोठे लांबट काळे ठिपके, खवले बारीक, नराच्या पाठीला कुबड. लोक त्याला हंपी म्हणून नाकं मुरडतात. पण समुद्रातून नुकता वर आलेला, चांदीसारखा असेल तर तुकडे करून हळद, तिखट, आगळ लावून रव्यात तळा. मांस मऊ असतं, म्हणून कालवणात घालू नका, विरघळतं. कुबडवाला, हिरवट पडलेला मासा मात्र ठेवूच नका, त्याला चव राहिलेली नसते. तो वर पोचून पुढची वीण झाली तर आपल्या नातवंडांना मिळतील. आणि हो, हा रावस नव्हे, रावसाच्या हिशोबाने मसाला टाकलात तर वाया जाईल.

चिंबोरी_चॅम्पियन

आणि चिनूक-कोहो कसे ओळखायचे? फोटोत मला सगळे एकच दिसतात.

हायवे_टू

तोंड उघडून खालच्या दातांच्या हिरड्या बघा. काळ्या असतील तर चिनूक, पांढरट असतील तर कोहो. शेपटीच्या दोन्ही फाट्यांवर ठिपके तर चिनूक, फक्त वरच्या फाट्यावर तर कोहो. पिंकलाही दोन्ही फाट्यांवर असतात, पण ते सुगरणताईंनी सांगितले तसे मोठे आणि लांबट. चम या आणखी एका सॅमनला ठिपके नसतात, अंगावर जांभळट उभे पट्टे येतात. स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं, शेपूट जवळजवळ चौकोनी कापल्यासारखी आणि पूर्ण ठिपक्यांची, पोटाखालचा मागचा पर आखूड. खात्री नसेल तर सोडून द्या. 'मला वाटलं कोहो आहे' म्हणून सुटका होत नाही.

बोटवाले_बापट

स्टीलहेडच्या लोकांची बाजू पण येऊ द्या. सॅमन एकदा अंडी घालून मरतो, स्टीलहेड परत समुद्रात जाऊन पुन्हा येऊ शकतो. म्हणजे सोडलेल्या माशाला खरंच किंमत आहे. पण नियम किती अचानक बदलतात बघा. 2020 च्या डिसेंबरमध्ये किनाऱ्याकडच्या नद्यांवर बोटीतून मासे धरायला बंदी आणि आमिषाला बंदी, हंगाम तोंडावर असताना. माझ्यासारख्याची ड्रिफ्ट बोट अंगणात उलटी पडून राहिली. तेव्हा चडफडलो. काठावरून पाण्याचा काही भाग पोचण्याबाहेर राहतो, तिथे माशाला विसावा मिळतो, हा त्यामागचा विचार. पटतो. तरी माझ्यासारख्या गुडघे गेलेल्या माणसाला निसरड्या दगडांवरून चालायला लावणं हा काही न्याय नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

डेटा_दादा

बापटकाका, त्याच्या पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, कोलंबिया नदीवर बोनव्हिल धरणापाशी उन्हाळी स्टीलहेडची मोजणी 1938 पासूनच्या नोंदींतली नीचांकी आली. धरणाच्या मासेशिडीला (मासे वर चढावेत म्हणून केलेल्या पाण्याच्या पायऱ्यांना) खिडक्या आहेत, तिथे मासे मोजतात आणि आकडे रोज साइटवर येतात. मला तो नाद लागलाय, बायको म्हणते शेअर बाजार बरा.

एक अवांतर. आपण गळ-पर बोलतोय, पण शहरी ओढ्यांतला कोहो पावसानंतर अंडी घालायच्या आधीच तडफडून मरायचा, कारण कळत नव्हतं. 2020 च्या शेवटी इथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की टायर टिकावा म्हणून त्यात घालतात त्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारा पदार्थ रस्त्यावरून ओढ्यात जातो आणि कोहोला मारतो. म्हणजे मासे धरायला हायवे टूने गाडी हाकत जाणारे आपण सगळेच त्यात आलो.

हायवे_टू

माझ्या आयडीवर का घसरताय?

सॅक्रामेंटोचा_सदा

तुम्ही पट्टे आणि पर मोजताय, नशीबवान आहात. इकडे कॅलिफोर्नियात 2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं सॅमनचा हंगामच बंद ठेवला, समुद्रातही आणि आमच्या नद्यांवरही. घराजवळ अमेरिकन रिव्हर वाहते, नोव्हेंबरमध्ये निंबस हॅचरीच्या शिडीवर उभं राहून मुलांना मासे दाखवतो आणि घरी येऊन दुकानातला खातो. धागा छान, आमच्याकडे सगळं उघडेल तेव्हा असाच एक काढेन.

चिंबोरी_चॅम्पियन

शेवटचं विचारतो. सासऱ्यांचं तीन दिवसांचं काढलं, माझं वर्षाचं, मुलीचं कार्ड आलं. शनिवारी जातोय. गाडी लावायला डिस्कव्हर पास लागेल ना?

हायवे_टू

खात्याच्या स्वतःच्या जागी नाही. वर्षाच्या लायसनबरोबर गाडीचा वेगळा पास येतो, तो आरशाला लटकवा, तिथे तेवढा पुरतो. स्टेट पार्कात लावणार असाल तर डिस्कव्हर पास हवा. शनिवारी पहाटेच पोचा, आठनंतर जागा मिळत नाही. आणि शुक्रवारी रात्री साइट बघायला विसरू नका.